रिकामा रकाना

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं सगळ्यांचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्त. पदवीमागचे कष्ट मला ठाऊक आहेत, आणि आज दिवसभर त्यांच्याबद्दल पुष्कळ जण बोलतील, म्हणून मी लगेच कामाकडे वळते.

निमंत्रणाच्या पत्रात 'पर्यावरण अभियांत्रिकीतील संधी' असा विषय सुचवला होता. संधींबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. मी तेहतीस वर्षं अमेरिकेत, महासरोवरांच्या काठच्या एका राज्यात, सरकारी नोकरी केली. नदीत कोण काय सोडतं ते मोजायचं आणि नोंदवायचं, हे माझं काम. त्याआधी दोन वर्षं एका सल्लागार कंपनीत अहवाल लिहिले. त्या देशातले पाण्याचे कायदे कसे आले, कुठे झोपून राहिले आणि कशाने जागे झाले, ते मी जवळून पाहिलं. त्याबद्दल बोलते. पण सुरुवात सांगलीपासून करावी लागेल.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यात होते. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे त्यांच्याकडे असे. पूर चढायला लागला की दर तासाला वाचन. हातात कंदील, काखेत वही, वही भिजू नये म्हणून तिच्यावर मेणकापड. एका रात्री पाऊस असा कोसळत होता की पट्टीवरचे आकडे दिसेनात. अण्णांनी त्या तासापुढे लिहिलं, 'दिसले नाही'. दुसऱ्या दिवशी साहेब चिडले. आधीच्या तासाचा आकडा आहे, नंतरच्या तासाचा आहे, मधला टाकायला काय होतं? तक्ता वर पाठवायचा तर त्यात रिकामा रकाना कसा चालेल? अण्णा म्हणाले, "साहेब, त्या तासात नदी काय करत होती ते मला माहीत नाही." मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेन. घरी आईला हे सांगताना त्यांचा आवाज अजून कापत होता. नोकरी जाईल अशी भीती त्यांना होती. नोकरी गेली नाही, पण त्या वर्षीची वेतनवाढ गेली.

१९७९ च्या ऑगस्टमध्ये मी अमेरिकेत शिकायला गेले. पहिल्याच महिन्यात आमच्या प्राध्यापकांनी सगळ्या वर्गाला क्लीव्हलंडला नेलं, कायाहोगा नदी दाखवायला. ही ती पेटलेली नदी. २२ जून १९६९, रविवार, दुपारच्या थोडं आधी. पाण्यावर तेलकट कचऱ्याचा थर होता, वरून जाणाऱ्या आगगाडीची ठिणगी त्यात पडली असावी. अर्ध्या तासाच्या आत आग विझली. रेल्वेच्या पुलांचं सुमारे पन्नास हजार डॉलरचं नुकसान झालं. शहराला त्याचं फार नवल वाटलं नाही, कारण ही नदी १८६८ पासून किमान दहा-बारा वेळा पेटली होती. १९१२ च्या आगीत तर पाच माणसं दगावली होती. मग ऑगस्टमध्ये 'टाइम' साप्ताहिकाने या नदीवर लिहिलं आणि सोबत ज्वाळांनी वेढलेल्या बोटीचा फोटो छापला. देश हादरला. तो फोटो १९५२ च्या आगीचा होता. १९६९ ची आग इतक्या लवकर विझली की तिचा फोटो कुणालाच मिळाला नाही.

आमच्यातला एक मुलगा म्हणाला, मग सगळा देश चुकीच्या फोटोमुळे जागा झाला म्हणायचं. प्राध्यापक म्हणाले, "वाचकांना तो चालून गेला. तुम्ही इंजिनिअर होणार आहात, तुम्हाला चालणार नाही."

त्या नदीच्या गोष्टीतली एक बाजू फार कुणी सांगत नाही, आणि मला ती आगीपेक्षा मोठी वाटते. कार्ल स्टोक्स हे तेव्हा क्लीव्हलंडचे महापौर होते, अमेरिकेतल्या एका मोठ्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. आगीच्या दुसऱ्या दिवशी ते पत्रकारांना घेऊन नदीकाठी गेले. त्यांची तक्रार अशी की कारखान्यांना परवाने राज्य सरकार देतं, शहराला ते थांबवता येत नाहीत, आणि नदी मात्र शहरातून वाहते. त्या शहराच्या मतदारांनी १९६८ मध्येच, म्हणजे आगीच्या आदल्या वर्षी, नदी साफ करण्यासाठी दहा कोटी डॉलरचं कर्ज काढायला मत दिलं होतं. सामान्य माणसांनी खिशात हात घातला होता. हात आखडला होता तो कायद्याचा.

कायदा नव्हता असंही नाही. १८९९ चा एक कायदा होता. जहाजांच्या वाटेत अडथळा येऊ नये म्हणून केलेला. परवानगीशिवाय जलमार्गात कसलाही कचरा टाकायचा नाही, टाकला तर दंड, आणि ज्याच्या खबरीवरून गुन्हा सिद्ध होईल त्याला दंडाची अर्धी रक्कम देता येईल. इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं! साठ वर्षं तो पुस्तकात पडून राहिला. कारखाने वाढले, नळ वाढले, नद्यांना रंग आले आणि कायदा तिथेच. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या हडसन नदीवरच्या मच्छीमारांनी तो शोधून काढला. एका रेल्वे यार्डातून नदीत तेल येत होतं, त्यांच्या माशांना तेलाचा वास लागायचा आणि बाजारात ते कुणी घेत नसे. त्यांनी पाइप कुठे उघडतो ते पाहिलं, नोंदवलं, खटला लागला, आणि त्यांना दंडातला वाटा मिळाला. मच्छीमारांनी केलेली नोंद हेच त्या खटल्याचं भांडवल होतं. एवढीच नोंद आधीच्या साठ वर्षांत कुणीही करू शकला असता.

अमेरिकेतल्या पर्यावरण कायद्यांचा इतिहास सांगताना लोक यलोस्टोनपासून, १८७२ पासून सुरुवात करतात. राष्ट्रीय उद्यानं, थिओडोर रूझवेल्ट, जॉन म्यूर. ती गोष्ट सुंदर आहे, आणि त्या जमिनींवरून हुसकावलेल्या मूळ रहिवाशांचं प्रकरण तिच्यातून बहुतेक वेळा गाळलेलं असतं. मी तिच्यात शिरत नाही. माझं सगळं आयुष्य पाइपच्या तोंडाशी गेलं.

पाइपचा खरा कायदा आला तो १९७२ मध्ये. त्यामागे मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की होते. शिंप्याचा मुलगा, रमफर्ड नावाच्या कागद गिरणीच्या गावात वाढलेला. गावातून अँड्रोस्कॉगिन नदी वाहते, आणि गिरणी आपली सगळी घाण तिच्यात सोडायची. या माणसाला नदीचा वास पुस्तकातून कळला नव्हता. विधेयकात मैलापाणी शुद्धीकरणासाठी चोवीस अब्ज डॉलरची तरतूद होती. अध्यक्ष निक्सन यांनी खर्च फार म्हणून नकाराधिकार वापरला. दुसऱ्याच दिवशी, १८ ऑक्टोबर १९७२ ला, सिनेटने ५२ विरुद्ध १२ आणि प्रतिनिधिगृहाने २४७ विरुद्ध २३ मतांनी तो नकार मोडून काढला. दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून. आजच्या अमेरिकेत हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही.

त्या कायद्याचं मर्म त्यातल्या साध्या यंत्रणेत आहे. परवान्याशिवाय पाइपमधून नदीत काही सोडायचं नाही. परवान्यात प्रत्येक द्रव्याची मर्यादा. कारखान्याने स्वतःचं पाणी स्वतः मोजायचं, ठरलेल्या मुदतीने आकडे भरायचे, जबाबदार माणसाने खाली सही करायची, आणि माहिती जाणूनबुजून खोटी दिली तर तो गुन्हा. हे कागद कुणालाही बघता येतात. सरकार झोपलं तर नागरिकाने साठ दिवसांची नोटीस द्यायची आणि स्वतः कोर्टात जायचं. एवढंच. या सगळ्या इमारतीचं वजन त्या कागदावरच्या आकड्यांवर आहे.

इथे एक गोष्ट सांगते, तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक. जलप्रदूषणाचा कायदा महाराष्ट्राने १९६९ मध्ये केला, आणि आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ ७ सप्टेंबर १९७० ला स्थापन झालं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सुरू झाली २ डिसेंबर १९७० ला. आपण जवळजवळ तीन महिने आधी होतो. तिकडे हे मी पुष्कळ सहकाऱ्यांना सांगितलं, आणि दर वेळी पुढचा प्रश्न आला: मग तुमच्या नद्यांचे आकडे कुठे बघायला मिळतात? मी चाचरत असे.

शिक्षण संपल्यावर १९८१ मध्ये मला एका सल्लागार कंपनीत नोकरी लागली. १ जानेवारी १९७० ला निक्सन यांनीच सही केलेला एक कायदा आहे, त्याखालचे अहवाल ही कंपनी लिहायची. लिंटन काल्डवेल नावाचे इंडियानातले प्राध्यापक त्याच्या मसुद्यामागे होते. सरकारी प्रकल्पाआधी त्याचे परिणाम लिहून काढायचे, पर्याय मांडायचे, लोकांना वाचायला द्यायचे. पुढे जगभर पसरलेली ही कल्पना आपल्याकडे १९९४ च्या अधिसूचनेने आली. कल्पना अशी की, करण्याआधी विचार करा आणि तो विचार कागदावर दाखवा.

मी त्या कंपनीत दोन वर्षांत अकरा अहवालांवर काम केलं. माझं टेबल टाइपरायटरशेजारी होतं. बाकीच्या इंजिनिअर मुलांना शेतावर, ओढ्यावर पाठवत आणि त्यांच्या ओल्या बुटांच्या नोंदी मी टंकून काढत असे. मी तक्रार केली तेव्हा सांगण्यात आलं की माझं अक्षर चांगलं आहे. एकदा एका रस्त्याच्या अहवालात पक्ष्यांची यादी होती. त्यातला एक पक्षी पाणथळ जागेशिवाय राहत नाही, आणि त्या रस्त्याच्या वीस मैलांत पाणथळ नव्हती. मी विचारलं. यादी दुसऱ्या जिल्ह्याच्या अहवालातून जशीच्या तशी उचललेली होती. वरिष्ठ म्हणाले, हे पान कोण वाचतंय? माझा या व्यवसायावरचा जुना राग आहे तो इथला. ज्याचा प्रकल्प, त्यानेच पैसे देऊन अहवाल लिहून घ्यायचा, आणि पाच शब्दांचा निष्कर्ष आधी ठरवून त्याच्यापुढे चारशे पानं जोडायची. तिकडेही चालतं, इथेही चालतं. हुशार मुलंमुली यात वर्षानुवर्षं घालवतात, आणि एके दिवशी त्यांना आपण न पाहिलेल्या ओढ्याबद्दल सराईतपणे लिहिता येऊ लागतं.

पान कोण वाचतंय, या प्रश्नाला टेनेसी राज्यातल्या एका विद्यार्थ्याने उत्तर दिलं होतं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये लिटल टेनेसी नदीत डेव्हिड एटनियर या प्राणिशास्त्रज्ञाला एक मासा सापडला, जेमतेम तीन इंचांचा, गोगलगायी खाणारा, स्नेल डार्टर. त्याच डिसेंबरात संकटग्रस्त प्रजातींचा कायदा झाला. त्या नदीवर टेलिको धरण बांधून होत आलं होतं. हिल नावाचा कायद्याचा विद्यार्थी आपले प्राध्यापक झिग्मंट प्लेटर यांच्याकडे गेला आणि विचारलं, या विषयावर निबंध लिहिला तर चालेल का? सत्राचा निबंध! त्यातून खटला उभा राहिला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि १९७८ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: कायद्यात लिहिलंय तेच कायदा म्हणतो, धरण थांबवा. पुढच्या वर्षी काँग्रेसने दुसऱ्याच एका विधेयकात तरतूद घुसवून धरणाला सूट दिली. दरी बुडाली, शेतं बुडाली, चेरोकी लोकांची जुनी गावठाणं बुडाली. मासा मात्र दुसऱ्या नद्यांत नेऊन सोडला होता, तो तगला, आणि २०२२ मध्ये त्याला संकटग्रस्त यादीतून काढलं. तो विद्यार्थी तुमच्याच वयाचा होता. नदीत कुणाला काय सापडलं ते त्याने वाचलं होतं.

१९८३ मध्ये मी सरकारी नोकरीत आले. दिवस वाईट होते. नुकत्याच झालेल्या कपातीत वॉशिंग्टनचा पैसा आटला होता आणि आमच्याकडे नमुने घ्यायला बाटल्या होत्या, त्या तपासायला माणूस नव्हता. पुढच्या वर्षी डिसेंबरात भोपाळची वायुगळती झाली. त्या सकाळी कार्यालयात सगळे माझ्याकडे बघत होते, जणू माझ्या घरात कुणी गेलंय. गेलंच होतं. एक सहकारी हळूच म्हणाला, तोच वायू करणारा त्याच कंपनीचा कारखाना वेस्ट व्हर्जिनियात आहे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये तिथेही गळती झाली, शंभरावर माणसं इस्पितळात गेली. १९८६ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला. कुठला कारखाना कुठलं विषारी द्रव्य किती सोडतो हे दर वर्षी जाहीर करायचं. बस. किती सोडायचं यावर त्यात एकही मर्यादा नव्हती. फक्त लिहा आणि लोकांना दाखवा. आकडे जमायला लागले तेव्हा खुद्द कंपन्यांचे प्रमुख चकित झाले, कारण आपण काय सोडतो याची बेरीज त्यांनीही कधी केली नव्हती. एका बड्या रसायन कंपनीने तर हवेत जाणारी विषारी द्रव्यं चार वर्षांत नव्वद टक्के कमी करू असं जाहीर केलं. भोपाळमधल्या हजारो माणसांच्या मरणातून अमेरिकेतल्या गावांना आपल्या हवेतलं विष वाचायचा हक्क मिळाला. भोपाळच्या वस्त्यांना काय मिळालं ते तुम्ही जाणता. मी ते कधी विसरू शकलेले नाही.

आता जे सांगणार आहे ते मी माझ्या मुलांनाही फार उशिरा सांगितलं.

१९८५ चा मार्च. एका चीज कारखान्याच्या तपासणीला गेले होते. सांडपाण्याचा चोवीस तासांचा नमुना घेणारं यंत्र थंडीत गोठलं होतं. नमुनाच नव्हता. पुन्हा यायचं तर दीडशे मैलांची फेरी, आणि महिन्याअखेर अहवाल द्यायचा होता. माझे वरिष्ठ फोनवर म्हणाले, कारखाना चांगला आहे, गेल्या महिन्याचा अमोनियाचा आकडा टाक, रकाना रिकामा ठेवू नकोस. मला अण्णा आठवले. खरंच आठवले. आणि तरी मी आकडा टाकला आणि खाली सही केली. नोकरी नवी होती, ग्रीन कार्ड हातात आलं नव्हतं, पोटात पहिलं मूल होतं. ही कारणं तेव्हा मला मोठी वाटली.

अकरा दिवसांनी खालच्या वळणावर मासे वर आले. पांढरी पोटं वर करून, बर्फाच्या कडेला लागलेले, दोन्ही काठांनी. कारखान्याचं शुद्धीकरण तीन आठवडे बंद पडलेलं होतं. प्रकरण सुनावणीला गेलं तेव्हा कारखान्याच्या वकिलाने एकच कागद पुढे केला. माझा. सरकारच्याच अभियंत्याने मार्चमध्ये पाणी ठीक असल्याचं सही करून सांगितलं आहे. दंड नाममात्र झाला. बाहेर पडताना त्या वळणावर मासे धरणारा एक म्हातारा शेतकरी दाराशी उभा होता. त्याने मला विचारलं, "बाई, तुम्ही मोजलं होतं ना?" मी हो म्हणाले. आयुष्यात मी यापेक्षा वाईट काही बोललेली नाही.

त्यानंतर एकतीस वर्षं मी न मोजलेला आकडा लिहिला नाही. त्याची किंमतही पडली. १९९० च्या दशकात एका मोठ्या गिरणीच्या अहवालात मर्यादेच्या जरासा वरचा आकडा 'पूर्णांकात' आणायला मी नकार दिला, तेव्हा माझी बदली तळघरातल्या अभिलेख कक्षात झाली. दोन वर्षं. माझ्या मागून आलेले माझे साहेब झाले. या व्यवसायात सचोटीला शिक्षा देताना कुणी आवाज चढवत नाही, टेबल हलवतात.

पण तळघरात मला एक शाळाशिक्षिका भेटली. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर यायची, तिच्या गावच्या कारखान्याचे महिन्याचे अहवाल मागायची आणि वहीत उतरवून घ्यायची. छायाप्रतीचे पैसे वाचावेत म्हणून हाताने. तिला रसायनशास्त्र येत नव्हतं, ती इतिहास शिकवायची. चार वर्षांचे आकडे उतरवल्यावर तिने मला वही दाखवली. कारखान्याने स्वतःच्या सहीने अनेक महिने मर्यादा ओलांडल्याचं कबूल केलेलं होतं, आणि वरच्या मजल्यावर कुणी ते कागद उघडलेही नव्हते. तिने साठ दिवसांची नोटीस दिली. एकोणसाठाव्या दिवशी कारखाना तडजोडीला आला. नवीन शुद्धीकरण संयंत्र मी स्वतः जाऊन पाहिलं. ते उभं राहिलं कारण त्या कारखान्यातल्या कुणातरी प्रयोगशाळा साहाय्यकाने, नाव मला कधी कळलं नाही, महिनोन्महिने खरे आकडे लिहिले होते. मालकाला न आवडणारे आकडे. त्या माणसाला मी मनातल्या मनात पुष्कळदा नमस्कार केला आहे.

मी निवृत्त होत आले तेव्हा मिशिगनमध्ये फ्लिंट घडलं. पैसे वाचवायला एप्रिल २०१४ मध्ये शहराचं पाणी फ्लिंट नदीतून घेतलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं द्रव्य घातलं नाही. पाणी जुन्या पाइपांतलं शिसं घेऊन घराघरांत गेलं. त्याच ऑक्टोबरात तिथल्या मोटार-इंजिनांच्या कारखान्याने ते पाणी बंद केलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. माणसं पीतच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात शिशाच्या तपासणीचा अहवाल तयार झाला. त्यातले दोन नमुने वगळले गेले. दोन्ही जास्त शिसं असलेले. एक तर अशा आईच्या घरचा, जी महिनोन्महिने ओरडून सांगत होती. दोन ओळी खोडल्या आणि शहर मर्यादेच्या आत आलं. कायदा जागेवर होता, १९७४ चा पिण्याच्या पाण्याचा कायदा, शिशाचा नियम, सगळं. दोन रकान्यांतून शहर निसटलं.

ते उघडं कसं पडलं? व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सुमारे तीनशे घरांसाठी बाटल्यांचे संच भरले, कित्येक तासांचा प्रवास करून फ्लिंटला नेले आणि रहिवाशांबरोबर पाणी पुन्हा मोजलं. मोना हॅना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी मुलांच्या रक्तातलं शिसं तपासलं. आधी त्यांना खोटं पाडायचा प्रयत्न झाला, मग सरकारला मान्य करावं लागलं.

कायद्यांना भोकं आहेत, ती मी लपवत नाही. १९७२ च्या कायद्याने १९८५ पर्यंत नद्यांत प्रदूषक सोडणं पूर्ण थांबवायचं ठरवलं होतं. ते झालं नाही. शेतातून वाहून येणाऱ्या खताला त्याने हात लावला नाही, आणि म्हणून ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवराच्या काठी, जगातल्या गोड्या पाण्याच्या एवढ्या मोठ्या साठ्याशेजारी, टोलीडो शहर आणि परिसरातल्या सुमारे पाच लाख माणसांना तीन दिवस नळाचं पाणी पिता आलं नाही. शेवाळाचं विष होतं त्यात. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाणथळ जागांचं संरक्षण आणखी आकसून घेतलं. माझ्या पिढीने जे कमावलं त्यातलं बरंच डोळ्यांदेखत सैल होतंय. मला त्याचं दुःख आहे, आणि भीती आहे ती वेगळी. कायदा रद्द करायला मतदान लागतं, वर्तमानपत्रात बातमी येते, लोक भांडतात. न मोजता भरलेला रकाना कुणालाच दिसत नाही.

कायाहोगा नदीत आज साठहून जास्त जातींचे मासे आहेत. पेटल्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, २०१९ मध्ये, तिथले मासे मर्यादेत खायला हरकत नाही असं जाहीर झालं. मी तेव्हा मुद्दाम गेले होते. एक आजोबा नातवाला गळ टाकायला शिकवत होते.

तर मुलामुलींनो, तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या महिन्यात सल्लागार कंपन्यांत, कारखान्यांच्या प्रयोगशाळांत, मंडळाच्या कार्यालयांत रुजू होतील. पहिल्या काही आठवड्यांतच कुणीतरी तुम्हाला म्हणेल, गेल्या महिन्याचा टाक. प्रेमाने म्हणेल, तुमच्या भल्यासाठी म्हणेल. तेव्हा माझी ही विनंती आठवा. तिथे 'नमुना घेतला नाही' असं लिहा, तारीख घाला आणि सही करा. वेतनवाढ जाईल, टेबल हलेल, मी खोटं आश्वासन देत नाही. तरी लिहा. मी एकदा नाही लिहिलं, आणि त्या वळणावरचे मासे मला सत्तरीतही दिसतात.

आणि एक काम आजच सांगून ठेवते, त्याला नोकरी लागत नाही. तुमच्या गावावरून जी नदी किंवा जो ओढा वाहतो, त्यात पाणी सोडणाऱ्या जवळच्या कारखान्याचे किंवा नगरपालिकेच्या मैलापाणी केंद्राचे गेल्या बारा महिन्यांचे तपासणी अहवाल मागवा. माहितीच्या अधिकाराचा कायदा आपल्याकडे २००५ पासून आहे, अर्जाची फी दहा रुपये आहे. अहवाल आले की आकडे वहीत हाताने उतरवून काढा. सलग तीन महिने तोच आकडा दिसला तर त्याच्या खाली कुणाची सही आहे ते वाचा, आणि त्या माणसाला जाऊन विचारा, तुम्ही मोजलं होतं ना?